खेळ करणारे आणि पैशाचा नाका

सेन्सॉरशिपचा इतिहास सांगताना आपण बहुधा सरकारची गोष्ट सांगतो. तेथे कायदा असतो, मंडळ असते, हुकूम निघतो. आणि त्या हुकुमाविरुद्ध दाद मागता येते. १९७२ साली ‘सखाराम बाइंडर’वर गंडांतर आले तेव्हा कमलाकर सारंग मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. २०२५ साली संगणकी खेळांच्या धंद्यात जे घडले त्याची जात निराळी आहे. तेथे कायदा बदलला नाही, न्यायाधीश बसला नाही; तरीही हजारो खेळ एकाएकी नजरेआड झाले.

थोडी पूर्वपीठिका सांगितली पाहिजे. व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचे ‘स्टीम’ २००३ साली सुरू झाले. २०१७ पासून शंभर डॉलर भरून कोणाही लहान कारागिराला तेथे आपला खेळ मांडता येऊ लागला. विक्रीतले साधारण तीस टक्के दुकान ठेवून घेते. २०१८ च्या मे महिन्यात प्रौढांसाठीच्या काही खेळांच्या कर्त्यांना ताकीद गेली. ओरड होताच जूनमध्ये कंपनीने धोरण जाहीर केले की, बेकायदा किंवा निव्वळ खोडसाळ नसेल ते सारे चालेल. त्या भरवशावर कित्येकांनी आपली उपजीविका उभी केली. २०१३ साली निघालेले ‘इच’ हे दुकान तर त्याहून मोकळे. दुकानाला किती वाटा द्यावयाचा हेही तेथे विक्रेताच ठरवी.

२०२५ च्या एप्रिलात बलात्कार आणि कौटुंबिक व्यभिचार यांवर बेतलेल्या एका खेळावरून गदारोळ झाला आणि तो स्टीमवरून निघाला. ‘कलेक्टिव्ह शाउट’ या ऑस्ट्रेलियातील संघटनेने जुलैत पेपाल, व्हिसा, मास्टरकार्ड आदी कंपन्यांना उघडे पत्र लिहिले. अशा खेळांबद्दल स्त्रियांना चीड येते ती खोटी नव्हे, हे आम्ही प्रथमच सांगून टाकतो. पण पत्र गेले कोणाकडे, ते पाहा. खेळ करणाऱ्याकडे नाही, सरकारकडेही नाही. गेले पैशाच्या नाक्यावर.

या नाक्याची रचना अशी. गिऱ्हाइकाचे कार्ड, कार्डाचे जाळे चालविणारी कंपनी, व्यापाऱ्याची बँक, मधले पैसे उचलणारे दलाल, मग दुकान आणि सर्वांत शेवटी कारागीर. वरच्याने डोळे वटारले की खालचा प्रत्येकजण आपल्या अंगाला झळ लागू नये म्हणून दोन पावले अधिकच मागे सरतो. त्याच जुलैत स्टीमने नियम घातला की, पैशाची देवघेव करणाऱ्यांच्या नियमांत न बसणारा मजकूर चालणार नाही. २४ जुलैच्या सुमारास ‘इच’ने प्रौढांसाठीचा सारा माल शोधयादीतून काढला, कर्त्यांना आगाऊ सूचनाही देता आली नाही. ऑगस्टच्या आरंभी मास्टरकार्डने सांगितले, आम्ही कोणत्याही खेळाची छाननी केलेली नाही. व्हॉल्व्हने उत्तर दिले, मास्टरकार्ड आमच्याशी थेट बोललेच नाही. मधल्यांनी त्याच्या नियमावर बोट ठेवले. म्हणजे हुकूम बजावला गेला, पण हुकूम देणारा सापडेना!

कारखान्यात मुकादम साहेबाकडे बोट दाखवितो आणि साहेब बोर्डाकडे, हा खेळ कामगारांना ठाऊक आहे. त्यावर उपायही ठाऊक आहे: एकट्याने अर्ज करीत बसू नये. या प्रकरणीही तेच झाले. कर्ते आणि खेळणारे यांनी मिळून कार्ड-कंपन्यांचे टेलिफोन खणखणत ठेवले. थोड्याच दिवसांत ‘इच’ने फुकट मिळणारे प्रौढ खेळ पुन्हा यादीत घेतले. विकत द्यावयाच्या खेळांचा प्रश्न मात्र लोंबकळत राहिला. आणि पोट तर विक्रीवर चालते.

काय विकावे यावर समाजाने मर्यादा घालू नये, असे आमचे म्हणणे नाही. मर्यादा लिहिलेली असावी, ती घालणाऱ्याचे नाव ठाऊक असावे, माल उचलण्यापूर्वी नोटीस मिळावी आणि दाद मागण्यास जागा असावी. कामावरून काढलेल्या माणसासाठी आम्ही एवढेच मागत आलो. अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये खेळ-कामगारांची एक नवी युनियन निघाली आहे. स्वतंत्र कारागिरांनीही आपला एकोपा वेळीच बांधावा. आज नाक्यावर त्यांचा माल अडला आहे. उद्या त्याच नाक्यावर पुस्तकाचा, नाटकाचा आणि वर्गणीच्या पावतीचाही पैसा अडू शकेल.