नवा घोडा, जुना लगाम

आमच्या काकांची जीप म्हणजे गावातले एक जुने प्रस्थ होते. लष्कराच्या लिलावातून निघालेली, पेट्रोल पिणारी, आणि चालण्यापेक्षा थांबण्याचीच हौस अधिक असलेली. तिच्या पेट्रोलच्या हिशेबाने काका इतके गांजले की १९९२ च्या पावसाळ्यानंतर त्यांनी भंगारातून एक डिझेल इंजिन पैदा केले आणि ते जीपमध्ये घरच्या अंगणातच बसवायचा घाट घातला.

परसातल्या आंब्याच्या फांदीला चेनकप्पी लटकली. जुने इंजिन एखादा कुजका दात काढावा तसे वर उचलले गेले. पण नवे काही त्या जागेत सुखाने बसेना. माउंटिंगच्या खुणा जुळेनात, गिअरबॉक्सची भोके जुळेनात, रेडिएटर पुढे सरकवावा तर जाळीला टेकू लागला. मिस्त्री आठ दिवस कापत होते, जोडत होते आणि विड्या ओढत होते. रात्री कंदील धरायचे काम माझ्याकडे होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो, आणि जगात याहून मोठा पराक्रम असू शकेल असे मला मुळीच वाटत नव्हते.

दसऱ्याला जीपची पूजा झाली. बॉनेट उघडून काकूने नव्या इंजिनाला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली. मिस्त्री जाता जाता म्हणाले, “तात्या, हे इंजिन जड आहे, आणि ओढही जास्त. आता ब्रेकचं काम करून घ्या. लायनर पार गेलेत.”

“दिवाळी होऊ दे हो मिस्त्री,” काका म्हणाले. हाताशी उरलेल्या पैशांत आम्हा मुलांचे कपडे आणि फटाके यायचे होते. ते आले.

धनत्रयोदशीच्या दिवशी बाजार करून आम्ही घाट उतरत होतो. मागे सामान होते, सामानावर मी होतो. तिसऱ्या वळणावर काकांचा पाय पेडलवर पुन्हा पुन्हा आपटू लागला. जळक्या रबरासारखा वास आला. मग काकांनी दरी डावीकडे सोडून जीप सरळ उजव्या अंगाच्या डोंगरावर घातली. आम्ही वाचलो. काकांचा उजवा हात मात्र कोपरात मोडला, तो पुन्हा पुरता सरळ झाला नाही. भजनी मंडळात ते पखवाज वाजवीत. तो पखवाज त्या दिवाळीपासून खुंटीवरच राहिला.

आजी घरात एकच वाक्य बोलली. “घोडा बदललास, तात्या, आणि लगाम तोच ठेवलास होय रे?”

वाचकहो, मी एक शाळामास्तर, तोही मॅट्रिकपर्यंत शिकलेला. उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. यंत्रशास्त्राशी माझा संबंध तो कंदील धरण्यापुरताच. पण आजीचे ते वाक्य डोक्यातून गेले नाही, आणि त्यापायी मी मोटारींच्या इतिहासाची पाने चाळू लागलो. तेव्हा कळले की आमच्या काकांचे गोत्र फार मोठे आहे आणि त्याचे मूळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात आहे.

गोष्ट सुरू होते हेन्री फोर्डपासून. १९०८ ते १९२७ या काळात त्याने आपली टी मॉडेलची मोटार दीड कोटीहून अधिक संख्येने विकली. तिची ताकद वीस अश्वशक्ती. तिच्यामागून ए मॉडेल आले. त्याची ताकद चाळीस. या मोटारी जुन्या झाल्या की कवडीमोलाने विकल्या जात, आणि गरिबाघरच्या पोरांनाही त्या परवडत. अशातच १९३२ साली फोर्डने एक नवल केले. आठ सिलिंडरचे इंजिन तोवर श्रीमंतांच्या गाड्यांत असे. ते त्याने एका अखंड ओतीव ठोकळ्यात घडवले आणि सामान्य माणसाच्या मोटारीत बसवले. ताकद पासष्ट अश्वशक्ती! त्याची घडण डिअरबॉर्न येथे गुप्तपणे चालली होती, तीही कोठे, तर एडिसनची फोर्ट मायर्स येथील जी प्रयोगशाळा फोर्डने हौसेने आपल्या गावी आणून उभी केली होती, तिच्यात.

काही वर्षांत ही आठ सिलिंडरची इंजिने मोडीत येऊ लागली आणि पोरांचे फावले. बापाची किंवा शेजाऱ्याची जुनी ए मॉडेल घ्यायची, मडगार्ड काढून टाकून ती हलकी करायची, तिचे चार सिलिंडरचे इंजिन उतरवायचे आणि हे नवे चढवायचे. कारखाना म्हणजे घरामागची पडवी, फार तर झाडाची फांदी. जे मिस्त्रींना छळत होते तेच त्यांनाही छळत असे. चासीत नवे आडवे पट्टे घालावे लागत, गिअरबॉक्स बदलावा लागे. शिवाय या इंजिनाचा जळका धूर ठोकळ्याच्या पोटातूनच बाहेर पडे, त्यामुळे ते चटकन तापे. म्हणून रेडिएटरही मोठा हवा. मोटारींच्या या नव्या अवतारांना पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव पडले.

आता लगामाकडे येऊ. प्लिमथ मोटारीला १९२८ पासून तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक होते. हेन्री फोर्डचा मात्र लोखंडी सळ्यांवर विश्वास. पेडल दाबले की सळ्या ओढल्या जाऊन ब्रेक लागावेत, हीच त्याची जुनी रीत. आठ सिलिंडरचे इंजिन दिले १९३२ साली. तेलाचे ब्रेक दिले १९३९ सालच्या मोटारींना. म्हणजे सात वर्षे खुद्द फोर्डच्या कारखान्यातून नवा घोडा जुन्या लगामावर बाहेर पडत होता! हे वाचले तेव्हा मला काकांचा राग येईनासा झाला. जिथे फोर्ड सात वर्षे थांबला, तिथे आमचे काका बिचारे दिवाळीपर्यंत थांबले होते.

पण गंमत पाहा. जी पोरे जुन्या गाडीत नवे इंजिन घालीत, त्यांनीच हे १९३९ नंतरचे ब्रेक हुडकून काढून आपल्या जुन्या गाड्यांना लावायला सुरुवात केली. शहाणपण आले ते असे, अंगावर शेकल्यावर.

आरंभी त्यांना ब्रेकची गरजही फारशी वाटत नसे. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस मोहावेच्या वाळवंटात तेव्हा म्युरॉक नावाने ओळखले जाणारे कोरडे तळे आहे. सपाट, कडक, कोसच्या कोस मोकळे. तेथे ही पोरे वेगाच्या चढाओढी लावीत. १९३७ साली त्यांच्या मंडळांनी मिळून एक संघटनाही काढली. पुढे महायुद्ध आले. १९४२ पासून नागरिकांसाठी मोटारी बनणेच थांबले. युद्ध संपल्यावर यंत्रांवर हात बसलेले तरुण सैनिक परतले, आणि या छंदाला ऊत आला. १९४८ च्या जानेवारीत त्याचे स्वतंत्र मासिकही निघाले.

मात्र तळे दूर आणि रस्ता दाराशी. शर्यती गावच्या रस्त्यावर उतरल्या. रस्त्यावर वळणे असतात, चौक असतात, म्हाताऱ्या बायका असतात. अपघात होऊ लागले आणि लोक खवळले. तेव्हा याच छंदातला एक जाणता गृहस्थ, त्या मासिकाचा संपादक वॉली पार्क्स, याने १९५१ साली राष्ट्रीय संघटना उभारली. शर्यत हवी तर बंद धावपट्टीवर, आणि गाडी तपासून घेतल्याशिवाय धावायचे नाही, असा तिचा खाक्या. तिची पहिली अधिकृत शर्यत १९५३ साली पोमोना येथे झाली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात शेव्हरोले मोटारींच्या कंपनीतील एक अभियंता, झोरा आर्कुस-डंटॉव्ह, याने वरिष्ठांना एक टिपण लिहिले. त्याचा आशय असा: ही पोरे फोर्डवर वाढतात आणि फोर्डचीच होतात, त्यांना आपल्याकडे वळवायचे तर आपल्या नव्या इंजिनाला लागणारे सुटे भाग आपणच तयार ठेवले पाहिजेत. १९५५ साली शेव्हरोलेचे आठ सिलिंडरचे इंजिन आले, १६२ अश्वशक्तीचे. हलके, आटोपशीर आणि स्वस्त. पाहता पाहता घरोघरच्या जुन्या फोर्डच्या पोटात ते जाऊन बसले. त्या घराण्यातील दहा कोटीवे इंजिन २०११ साली तयार झाले. फांदीला कप्पी टांगणाऱ्या पोरांची दखल इतक्या मोठ्या कारखान्याला घ्यावी लागली, हे मला फार मोठे वाटते.

आपल्याकडे आज गाडीचे इंजिन बदलायचे तर परिवहन कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते आणि नोंदणीतही तसा बदल करावा लागतो. पुष्कळांना ती कटकट वाटते. मला वाटत नाही. आता तर हौशी लोक जुन्या मोटारीतून इंजिनच काढून विजेची मोटर आणि बॅटऱ्या बसवू लागले आहेत. खुशाल बसवावी. जुन्या गोष्टीत नवी ताकद घालण्याची हौस वाईट नव्हे. आमच्या काकांचीही नव्हती. ताकद सर्वांना दिसते, ऐकू येते, तिचे कौतुक होते. थांबवणारे यंत्र मात्र चाकाच्या आत अंधारात असते, आणि खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री त्याच्यावर चालते.

काकांनी त्या दिवाळीनंतर, हात गळ्यात असतानाच, पहिले काम केले ते ब्रेकचे. जीप मग आणखी अकरा वर्षे चालली. ती गेली, तिच्यामागून दुसरी गाडी आली. पण त्या वर्षापासून आमच्या घरी एक रीत पडली आहे. दसऱ्याला काकू बॉनेट उघडत नाही. ती वाकून चारी चाकांच्या आत, जिथवर बोट पोहोचेल तिथवर, कुंकू लावते. नवे शेजारी पाहून हसतात. काका आपला वाकडा हात मांडीवर ठेवून ओसरीवर बसलेले असतात; ते म्हणतात, “अगं, मागचं डावं राहिलं बघ.”