गार्सिया, संत गोन्सालो
(सु. १५५७–५ फेब्रुवारी १५९७). वसईत पोर्तुगीज पित्याच्या व देशी मातेच्या पोटी जन्मलेले ख्रिस्ती हुतात्मे. जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली शिक्षण घेऊन ते त्यांच्यासमवेत जपानला गेले आणि तेथील भाषा त्यांनी इतकी आत्मसात केली की, पुढे तीच त्यांच्या जीवितकार्याची किल्ली ठरली. जेझुइट संघात प्रवेश न मिळाल्याने काही काळ व्यापार करून, अखेर मनिला येथे त्यांनी फ्रान्सिस्कन पंथाची दीक्षा घेतली. १५९३ मध्ये फिलिपीन्सच्या सुभेदाराचा खलिता घेऊन फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाउतिस्ता हे जपानचा तत्कालीन शासक हिदेयोशी याच्या दरबारी गेले, तेव्हा दुभाष्याचे नाजूक काम गोन्सालो यांच्याकडेच होते. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत जपानी किनाऱ्यावर फुटले, त्यातून उद्‌भवलेल्या मिशनरी हे स्पॅनिश आक्रमणाचे अग्रदूत असल्याच्या संशयामुळे हिदेयोशीने त्यांच्या देहान्ताचे फर्मान काढले. डाव्या कानाची पाळी छाटून, क्योटोच्या रस्त्यांतून धिंड काढून, ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत नेलेल्या, गोन्सालो यांच्यासह २६ जणांना निशिझाका टेकडीवर क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकण्यात आले.  १६२७ मध्ये गोन्सालो यांना धन्य आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी संत घोषित केले. वसईतील एक महाविद्यालय त्यांच्या नावे चालते.