जालन्याचे दारिद्र्य आभाळातून पडलेले नाही

जालना जिल्ह्याच्या गरिबीचा विषय निघाला की सुशिक्षितांचे उत्तर ठरलेले असते. हा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस बेभरवशाचा, म्हणून शेती तोट्याची, म्हणून माणूस गरीब. दोष कुणाचाच नाही. ज्याला पोट भरायचे त्याने पुण्याकडे जावे. तिथली समृद्धी आज ना उद्या इकडे झिरपेल.

हे मत निराधार नाही. 2012-13 च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या. विकतच्या टँकरने झाडे जगवता जगवता शेतकरी हरला आणि त्याने स्वतःच्या हाताने बागेवर कुऱ्हाड चालवली. हे ज्याने पाहिले, त्याला आभाळच दोषी वाटणार.

पण मग पुणे जिल्ह्यातल्या बारामतीचे काय? तिथे वर्षाला सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जालन्याची सरासरी साडेसहाशेच्या वर आहे. कमी पावसाच्या मुलखात ऊस उभा आणि जास्त पावसाच्या मुलखातला माणूस ऊस तोडायला परगावी, हा न्याय कोणत्या हवामानशास्त्राचा? 1876-77 च्या दुष्काळानंतर मुंबई इलाख्याच्या सरकारने नीरा नदीचा डावा कालवा काढला आणि 1880 च्या दशकातच बारामतीकडे पाणी वाहू लागले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. जालन्याला गोदावरीचे पाणी देणाऱ्या पैठणच्या जायकवाडी धरणाचे उद्घाटन झाले 1976 मध्ये. मधल्या नव्वद वर्षांत तिकडे कालव्यावर ऊस आला, उसावर कारखाना, कारखान्याच्या बळावर पतपेढ्या आणि महाविद्यालये आली.

नीरेला सह्याद्रीचे पाणी आहे, असा आक्षेप येईल. गोदावरीला कुठले आहे? तीही त्र्यंबकेश्वरी सह्याद्रीतच उगम पावते आणि अंबड, घनसावंगी, परतूरच्या कडेने वाहते. नदी होती. कालवा नव्हता. तो आला तेव्हाही वरच्या धरणांतून जायकवाडीत हक्काचे पाणी सोडवून घ्यायला पाणीवाटपाचा 2005 चा कायदा आणि उच्च न्यायालयाची पायरी लागली. हे काय आभाळाने केले?

आता स्थलांतराचा उपाय. मंठा, परतूर, अंबडकडची कोयत्याची जोडी, म्हणजे ऊस तोडणारे नवरा-बायको, दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेऊन निघते. उचल आधीच घरखर्चात, लग्नात, दवाखान्यात गेलेली असते. हंगामभर मोळ्या बांधायच्या त्या ती फेडण्यासाठी. न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. लेकरे सोबत गेली की शाळा सुटते. पिढ्यान्‌पिढ्या हे चालू आहे. स्थलांतराने विषमता मिटायची असती, तर एव्हाना मिटली नसती का? 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82 टक्क्यांवर होती, जालन्याची 72 टक्केसुद्धा नव्हती.

समृद्धी झिरपते, या म्हणण्याची परीक्षा घ्यायला पुण्यापर्यंत जायचीही गरज नाही. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण या शहराने खरी करून दाखवली आहे. लोखंडी सळयांचे कारखाने इथे आहेत. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाण्यांची कंपनी इथेच सुरू केली आणि 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. बियाण्याचा धंदा शेतापर्यंत पोहोचला, हे मान्य. संकरित कपाशीच्या प्लॉटमध्ये बायका संध्याकाळी एकेका कळीतले पुंकेसर काढतात आणि सकाळी तिच्यावर नराचे परागकण लावतात. इतके नाजूक, चिकाटीचे काम करणाऱ्या हातांना कोणी आळशी म्हणू धजेल? तरीही या उद्योगांचा पैसा सगळीकडे पुरला नाही. सळयांच्या भट्टीला भंगार आणि वीज लागते. मंठ्याची ज्वारी लागत नाही. संपत्ती शेजारी असणे वेगळे आणि तिच्याशी नाते असणे वेगळे.

दांडेकर समितीने 1984 मध्ये मागास भागांच्या विकासातला हा अनुशेष, म्हणजे राहून गेलेली तूट, मोजून दाखवला होता. आभाळाचा अनुशेष कोणी रुपयांत मांडत नाही. तो सरकारी खर्चाचा होता. तो भरून काढायला 1994 मध्ये मराठवाड्यासाठी वैधानिक विकास मंडळ आले. त्याची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली. ते मंडळ पुन्हा उभे करा, आणि या वेळी मोजणी जिल्ह्याची नको, तालुक्याची करा. जालना शहराच्या सरासरीआड भोकरदन आणि मंठा लपवू नका. वाचकहो, पुरावा तुमच्यासमोर आहे. निकाल तुम्ही द्या.