पळासनेर ते धुळे, सोनगीरमार्गे

४ जुलै २०२३, मंगळवार, सकाळ
सेंधव्याकडून बिजासन घाट उतरला की मुंबई–आग्रा महामार्ग शिरपूर तालुक्यातल्या पळासनेरला येतो. उतारावर भरलेली गाडी नुसत्या ब्रेकवर आणली, तर ड्रम तापतात, लायनरची पकड जाते आणि पेडल शेवटपर्यंत दाबलं तरी गाडी ऐकत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरणं हा तर निव्वळ आत्मघात.

पावणेअकराच्या सुमारास
मध्य प्रदेशातून धुळ्याकडे निघालेल्या ट्रकचे ब्रेक निकामी झाले. दोन मोटरसायकली, एक कार आणि एका कंटेनरला धडकून तो बस थांब्याजवळच्या हॉटेलात घुसला आणि उलटला. थांब्यावर उभे असलेलेही सापडले. किमान १० जण दगावले, २० हून जास्त जखमी झाले.

यापुढची मिनिटं पळासनेरच्या कोणा एका जखमीची नव्हेत. या रस्त्यावर रक्त सांडणाऱ्या कुठल्याही शरीराची आहेत.

पाचवं मिनिट
मांडीची मोठी धमनी तुटली असेल, तर माणूस एवढ्यातच जातो. जवळ असतो तो हॉटेलातला पोऱ्या, नाहीतर एखादा क्लीनर. गमछ्याची घडी जखमेवर दाबून धरायची, रक्त थांबलं का हे उचलून पाहायचं नाही. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडते, म्हणून मान न वळवता जबडा पुढे ओढायचा. आपल्याकडे मात्र दोघं हात धरतात, दोघं पाय, आणि मणक्याचं उरलंसुरलं काम तिथेच होतं. मदत करणाऱ्याला नाव सांगायची किंवा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीखालच्या नियमांनी आलं. पोलिसांची भीती अजून २०१९ च्या आधीचीच आहे.

तिसावं मिनिट
ग्रामीण भागात १०८ ने एवढ्या वेळात पोहोचावं, असं अपेक्षित आहे. २०१४ मध्ये ही सेवा राज्यात ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली, गाडीत डॉक्टरसह. पण एक डॉक्टर आणि वीस जखमी, असा सामना असेल तर पहिलं काम उपचाराचं नसतं, निवडीचं असतं. चालू शकतो त्याला हिरवी पट्टी. मिनिटाला तीसहून जास्त श्वास घेतो त्याला लाल. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नाही, त्याला काळी, आणि पुढे सरकायचं. हे पुढे सरकणं शिकवायला सगळ्यात कठीण. नातेवाईक बाही ओढत असतात, आणि जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याचा श्वास निदान चालू असतो. धोक्यातला बहुधा गप्प पडलेला असतो.

पाऊण तास
अंगात साधारण पाच लिटर रक्त. त्यातलं जवळपास तीस टक्के जाईपर्यंत तरुण माणसाचा रक्तदाब टिकून राहू शकतो. फक्त नाडी धावते, हातपाय गार पडतात, तहान लागते. मशीनवरचा आकडा पाहून ‘बरा आहे’ म्हणणारा इथे फसतो. पाणी मागितलं तरी द्यायचं नाही. भूल देताना पोटातलं पाणी फुप्फुसात जाऊ शकतं.

एक तास
शिरपूरचं उपजिल्हा रुग्णालय. सलाइन, ऑक्सिजन, टाके. रक्तस्राव आवरणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड तीन तासांच्या आत द्यावं लागतं, नंतर ते उलटूही शकतं. पोटात किंवा डोक्यात रक्त साचत असेल, तर धुळं गाठायलाच हवं.

दीड तास
तापी ओलांडली, नरडाणा गेलं, तांबटांचं सोनगीर आलं. धुळं अजून वीसेक किलोमीटर. धुळ्यातल्या चक्करबर्डीच्या हिरे वैद्यकीय महाविद्यालयाला इथून, म्हणजे अगदी उशिरात उशिरा इथून, फोन गेला, कोण येतंय, कुठे लागलंय, किती रक्त लागेल हे कळलं, तर हा रस्ता तिथे सर्जन, रक्त आणि टेबल तयार ठेवण्यात जातो. नाही गेला, तर तीच तयारी कॅज्युअल्टीच्या दारात स्ट्रेचर थांबवून करावी लागते. गाडीतल्या डॉक्टरचे दोन्ही हात रुग्णाला श्वास देणाऱ्या पिशवीवर अडकलेले असतात; तेव्हा हा फोन कोण करणार, ते शिरपूर सोडण्याआधीच ठरलेलं लागतं.