ईएसलिंट म्हणजे काय? वेबसाइट सुरू न करता तिच्यातले अडथळे शोधणारं टूल

समजा, अचलपूरमधली एक दृष्टिहीन विद्यार्थिनी मोबाइलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतेय. पडद्यावर काय आहे, ते तिला स्क्रीन रीडर बोलून सांगतो. पण ‘अर्ज सादर करा’ या बटणात नुसतं चित्र असेल आणि कोडमध्ये त्या चित्राला पर्यायी मजकूर दिलेला नसेल, तर ते बटण कशाचं हे तिला कळत नाही. अर्ज तिथेच अडतो.

अशी चूक वेबसाइट लोकांपर्यंत पोहोचण्याआधी पकडता येते. त्यासाठी डेव्हलपर ईएसलिंट हे मोफत टूल वापरतात. निकोलस झाकस यांनी ते 2013 मध्ये बनवलं. नावातला ‘लिंट’ 1978 मध्ये बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी लिहिलेल्या टूलवरून आला. (वऱ्हाडातल्या जिनिंगवाल्यांसाठी लिंट म्हणजे सरकी काढलेली रुई. इथे मात्र कपड्याला चिकटलेली बारीक कसपटं.)

हल्लीच्या वेबसाइट रिअ‍ॅक्टसारख्या साधनांनी, सुट्या कंपोनंटमधून बनतात. बटणाचा कंपोनंट एकदा लिहिला की तोच शंभर ठिकाणी वापरला जातो, आणि त्यातली चूकही शंभर ठिकाणी जाते. म्हणून मूळ फाइल तपासणं सोयीचं. टर्मिनलमध्ये एक कमांड दिली की ईएसलिंट कोड न चालवता नुसता वाचतो, त्याची झाडासारखी रचना तयार करतो आणि प्रत्येक फांदीला नियम लावून पाहतो. मग कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीत कोणता नियम मोडला, याची यादी देतो. चूक असेल तर नवी आवृत्ती पुढे जाऊच नये, अशीही सोय करता येते.

अपंगांना येणाऱ्या अडथळ्यांसाठी ‘जेएसएक्स-ए11वाय’ हे प्लगइन वेगळं जोडावं लागतं. चित्राला पर्यायी मजकूर नाही, रकान्याला नाव नाही, माउसने चालणारी गोष्ट कीबोर्डने चालत नाही, अशा चुका ते दाखवतं.

पण खरी मेख कंपोनंटमध्येच आहे. डेव्हलपरने स्वतःचा ‘फोटो’ नावाचा कंपोनंट बनवला, तर तो आतून चित्र आहे हे प्लगइनला आपोआप कळत नाही. सेटिंगमध्ये सांगावं लागतं. ते राहिलं, तर अहवाल स्वच्छ येतो आणि चूक तशीच राहते. ‘एकही एरर नाही’ म्हणणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारावा.

हे आता निव्वळ सौजन्याचं राहिलेलं नाही. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रज्ञा प्रसून प्रकरणात डिजिटल सेवा मिळणं हा घटनेच्या कलम 21 खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ई-केवायसी अपंगांना करता यावं, यासाठी 20 निर्देशही दिले.

मराठी वेबसाइटसाठी आणखी दोन गोष्टी. पर्यायी मजकुरात ‘इमेज’, ‘फोटो’ असे निरुपयोगी शब्द लिहिले तर प्लगइन टोकतं, पण मुळात त्याची यादी इंग्रजी स्पेलिंगची. ‘छायाचित्र’ त्यात आपण घालायचं. दुसरं, पानाची भाषा नोंदवली आहे का, एवढंच ते बघतं. मजकूर मराठी आणि नोंद इंग्रजीची असेल, तर ते गप्प बसतं. आणि स्क्रीन रीडर इंग्रजी आवाजात देवनागरी वाचायला जाऊ शकतो. ही चूक पकडायला मराठी ऐकणारा माणूसच लागतो.