नद्यांचा जमाखर्च

नरकचतुर्दशीची पहाट आहे. बंब पेटला आहे, घंगाळातून कढत पाण्याच्या वाफा निघत आहेत, न्हाणीघर धूसर झाले आहे. उटणे लावून कुडकुडत बसलेल्या एखाद्या पोराचे लक्ष वर जाते, तो छपराच्या गार पत्र्याला पाण्याचे मणी लटकलेले दिसतात आणि त्यांतला एक टपकन त्याच्या पाठीवर पडतो. पोर शहारते, घरातली माणसे हसतात. घंगाळातून निघालेले पाणी वाफ होऊन वर गेले, गारव्याने पुन्हा पाणी झाले आणि खाली आले. पृथ्वीवर पावसाचा जो अफाट व्यवहार अहोरात्र चालू आहे, तो सगळा या एवढ्याशा न्हाणीघरात दिसतो.

इतकी साधी ही गोष्ट. पण ती पुरतेपणी पटायला माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, असे सांगितले तर आपणांस नवल वाटेल. वाफ वर जाते आणि पाऊस खाली येतो, हे तर गुराख्यालाही ठाऊक होते. अडत होते ते निराळ्याच दोन प्रश्नांपाशी. पहिला असा की, युगानुयुगे सगळ्या नद्या समुद्रात पाणी ओतीत असताना समुद्र भरून का वाहत नाही? आणि दुसरा असा की, पाऊस चार महिने पडून थांबतो, तरी नदी वैशाखात वाहते ती कोणाच्या जिवावर?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या पूर्वजांनी मोठ्या कल्पकतेने दिले. समुद्राच्या पोटात वडवानल आहे, घोडीच्या मुखातला तो अग्नी रात्रंदिवस पाणी पितो, म्हणून सागर आपली मर्यादा सोडीत नाही, असे पुराणे सांगतात. ही कथा ऐकून आज हसू येईल. पण तिच्यातला हिशेबीपणा पाहण्याजोगा आहे. जितके येते तितके कोठेतरी गेलेच पाहिजे, हे कथा रचणाऱ्याने ओळखले होते. पाणी जाळणारा अग्नी त्याने समुद्रतळाशी ठेवला, तो खरोखर होता आकाशात. सूर्य पाणी ओढून घेतो आणि पावसाच्या रूपाने परत करतो, हेही आपल्याकडे जुन्या काळापासून जाणत होते. कालिदासाने रघुवंशात राजाने घेतलेल्या कराला याच व्यवहाराची उपमा दिली आहे.

पण आपल्याकडे केवळ कथा आणि उपमाच होत्या असे मात्र नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्री यांच्या हाती लागून १९०९ साली छापून निघाली, तेव्हा तीत एक चकित करणारी गोष्ट आढळली. कोठाराच्या अधिकाऱ्याने एक अरत्नी म्हणजे हातभर तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजावा, अशी त्यात आज्ञा आहे. इतकेच नव्हे, तर शेतीच्या अध्यक्षासाठी देशोदेशीच्या पावसाचे मापही दिलेले आहे. कोरड्या जांगल प्रदेशात सोळा द्रोण, अवंतीत तेवीस, आणि अश्मकात अवंतीच्या निम्म्याहून थोडे अधिक. अपरांतात मात्र मोजदाद नाही, अमित! अश्मक म्हणजे आपला गोदाकाठ आणि अपरांत म्हणजे आपले कोकण. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या हिशेबनिसाला घाटाखालचा धोधो पाऊस आणि घाटावरची ओढगस्त दोन्ही नेमकी ठाऊक होती. आणि हे माप कशासाठी? तर पाऊस पाहून कोणते बी पेरावयाचे ते ठरविण्यासाठी. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. शेवटी तिच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत भूगर्भातील पाण्यावर एक सबंध अध्याय लिहिला. अंगात जशा शिरा तशा जमिनीत पाण्याच्या शिरा असतात. आकाशातून पडते ते पाणी एकाच चवीचे, पण जशी भूमी तशी त्याला नाना चवी आणि नाना रंग येतात, असे तो म्हणतो. विहिरीचे पाणी आभाळातलेच, हे त्याने असे सहज जाता जाता सांगून टाकले आहे. मात्र पावसाचे पाणी किती आणि नदीचे किती, हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून बेरीज-वजाबाकी करावी, हे त्यालाही सुचले नाही.

युरोपात तर याहून मोठा घोळ होता. ॲरिस्टॉटलसारख्या बुद्धिमंताला बाष्प, ढग, पाऊस यांची साखळी दिसली होती. पण एवढ्या मोठाल्या नद्या नुसत्या पावसावर जगत असतील हे त्याच्या मनाला पटेना. वर्षभर नद्यांना पुरेल इतके पाणी साठवायचे तर पृथ्वीएवढे टाके लागेल, असे तो म्हणे. म्हणून त्याने तोड काढली की, पृथ्वीच्या थंडगार पोटात हवेचेच पाणी होते आणि तेच झऱ्यांतून बाहेर पडते. पुढे १६६५ साली अथानासिउस किर्खर या विद्वान धर्मगुरूने भूगर्भावर एक भलामोठा ग्रंथ काढला. त्यातील सुरेख चित्रांत समुद्राचे पाणी भोवऱ्यांतून खाली शिरते, भुयारांतून डोंगरांच्या पोटातील विशाल हौदांत चढते आणि तेथून नद्या निघतात, असे दाखविले आहे. खारे पाणी गोडे कसे झाले आणि चढावर कसे चढले, याची उत्तरेही तयार होतीच. माणसाजवळ चित्र सुंदर असले म्हणजे आकड्यांची निकड त्याला भासत नाही.

या सर्व पंडितांना पहिला छेद दिला तो एका कुंभाराने. बर्नार्ड पालिसी हा फ्रान्समधला मातीची झिलईदार भांडी करणारा कारागीर. झिलईचे रहस्य साधण्यासाठी त्याने भट्टीत घरचे लाकूडसामानही घातले, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे. लॅटिन त्याला येत नव्हते. पण माती त्याने आयुष्यभर हाताळली होती. पॅरिसमध्ये तो पैसे घेऊन व्याख्याने देई आणि आपले म्हणणे कोणी खोटे पाडले तर घेतलेल्या रकमेच्या चौपट परत करीन, अशी त्याची बोली असे. १५८० साली छापलेल्या पुस्तकात त्याने निक्षून सांगितले की, झरे आणि नद्या पावसाच्या पाण्याखेरीज दुसऱ्या कशाच्याही नव्हेत. पाणी जमिनीत मुरते, खाली कठीण थर लागला म्हणजे अडते आणि उतार सापडला की बाहेर येते. त्याचे म्हणणे खरे होते. पण कुंभाराचे कोण ऐकतो? पुढे प्रॉटेस्टंट पंथ सोडावयाचे नाकारल्याबद्दल म्हातारपणी त्याला बास्तीय किल्ल्याच्या तुरुंगात टाकले आणि तेथेच त्याचा अंत झाला.

पालिसीने सांगितले, पण सिद्ध करावयाला आकडे हवे होते. ते आणले एका बडतर्फ खजिनदाराने. पिएर पेरो हे त्याचे नाव. त्याची भावंडे मोठी नामांकित. सिंड्रेला आणि लाल टोपीवालीची गोष्ट जगाला सांगणारा शार्ल पेरो हा त्याचा धाकटा भाऊ. पॅरिसच्या वेधशाळेचा आराखडा काढणारा क्लोद हा दुसरा. पिएर स्वतः पॅरिस प्रांताच्या सरकारी वसुलीचा अधिकारी होता. त्याने जुनी देणी भागविण्यासाठी चालू सालच्या वसुलीला हात घातला, आणि १६६४ साली त्याची नोकरी गेली. कर्जबाजारी झालेल्या त्या माणसाजवळ उरली ती एकच विद्या, जमाखर्च मांडण्याची. ती त्याने नदीवर चालविली!

सेन नदीचा उगमापासून काही कोसांचा वरचा भाग त्याने निवडला. त्या खोऱ्याची लांबी-रुंदी घेतली. काही वर्षांच्या सरासरीने तेथे पाऊस सुमारे १९ इंच पडतो असे धरले. मग जमेच्या बाजूला वर्षभरात पडलेले पाणी मांडले, ते आले २२ कोटी ४८ लक्ष ९९ हजार ९४२ पिंपे. खर्चाच्या बाजूला नदीतून वाहून गेलेले पाणी मांडले, ते भरले ३ कोटी ६४ लक्ष ५३ हजार ६०० पिंपे. म्हणजे पडलेल्या पाण्याचा जेमतेम सहावा हिस्सा! नद्यांना पाऊस पुरत नाही म्हणून पंडितांनी दोन हजार वर्षे भुयारे खणली होती; येथे तर पाऊस सहापट शिल्लक निघाला. नदीच्या प्रवाहाचे माप त्याने दुसऱ्या एका लहान ओढ्यावरून अदमासाने घेतले होते, त्यामुळे शेवटच्या पिंपापर्यंतचा हा आकडा नेमका नव्हे. पण सहापट फरक असला म्हणजे अदमासही पुरतो. १६७४ साली हे पुस्तक निघाले, तेही लेखकाच्या नावाशिवाय. मौजेची गोष्ट अशी की, पावसाचे पाणी जमिनीत खोल मुरते हे मात्र खुद्द पेरोला मान्य नव्हते. हिशेब बरोबर, पण पैसा कोणत्या वाटेने जातो ते उमगलेले नाही, असा तो प्रकार होता.

ती वाट दाखविली मारियॉट याने. त्याने पॅरिसजवळ सेनच्या पाण्यावर मेणाचा गोळा सोडून प्रवाहाचा वेग मोजला आणि पेरोसारखेच उत्तर काढले. शिवाय वेधशाळेच्या, म्हणजे क्लोद पेरोने बांधलेल्या त्याच इमारतीच्या, तळघरात उतरून त्याने पाहिले, तो भिंतीतून पाझरणारे पाणी पाऊस झाला की वाढे आणि उघडीप पडली की घटे. एका भावाने न मानलेली गोष्ट दुसऱ्या भावाच्या तळघराने सिद्ध केली. मारियॉटचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८६ साली बाहेर आला.

आता राहिला पहिला प्रश्न, समुद्र का भरत नाही? तो सोडविला धूमकेतूमुळे सर्वांना ठाऊक असलेल्या एडमंड हॅली याने. ऐन विशीत तो सेंट हेलेना बेटावर दक्षिणेकडील तारे मोजावयास गेला होता. तेथील उंच डोंगरावर आकाश निरभ्र असतानाही दुर्बिणीच्या भिंगांवर इतके दव साचे की, ती घडोघडी पुसावी लागत आणि दमट कागदावर शाई ठरत नसे. तारे मोजावयास गेलेल्या त्या तरुणाच्या मनात हे पाणी घर करून राहिले. पुढे लंडनला त्याने एका पातेल्यात मीठ घातलेले पाणी घेतले, उन्हाळ्यातील हवेइतके ते ऊन ठेवले आणि तराजूला टांगून दोन तासांत वजन किती घटते ते पाहिले. त्यावरून १६८७ साली त्याने हिशेब मांडला की, भूमध्य समुद्रातून एका दिवसात ५२८ कोटी टन पाणी वाफ होऊन जाते. त्यात येऊन मिळणाऱ्या नऊ मोठ्या नद्या प्रत्येकी टेम्सच्या दसपट धरल्या, तरी त्या मिळून आणतात १८२ कोटी ७० लक्ष टन. समुद्र भरेल कसा? उलट तो आटावयास हवा! ती तूट जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून आत शिरणारे अटलांटिकचे पाणी भरून काढते. वडवानल सापडला, तो एका पातेल्यात, तराजूवर टांगलेला सापडला.

आज हा जमाखर्च सबंध पृथ्वीचा मांडता येतो. आकडे मोठे आहेत, म्हणून ते रांजणात घालून पाहू. पृथ्वीवरचे सगळे पाणी शंभर लिटरच्या रांजणात मावले असे समजा. त्यातले साडेशहाण्णव लिटर समुद्राचे. आणखी सुमारे एक लिटर जमिनीखालचे आणि खाऱ्या सरोवरांचे, तेही खारट. गोडे पाणी उरले अडीच लिटर. त्यातले पावणेदोन लिटरच्या आसपास ध्रुवांवर आणि हिमशिखरांवर बर्फ होऊन बसलेले. पाऊण लिटर जमिनीच्या पोटात. आकाशातील सगळे बाष्प आणि ढग मिळून एक लहान चमचाही भरत नाही, अठरा-एकोणीस थेंब. आणि गंगा, गोदा, नाईल, ॲमेझॉन धरून जगातील साऱ्या नद्यांत एका क्षणी असलेले पाणी किती? तीन थेंब!

त्या तीन थेंबांवर गावे वसली, घाट बांधले गेले, कुंभमेळे भरले. थेंब तीनच, पण ते सारखे बदलत असतात, म्हणून पुरतात. आकाशातले पाणी सरासरीने नऊ-दहा दिवसांत खाली येते आणि तेथे नवे चढते. त्र्यंबकेश्वरचा ब्रह्मगिरी पश्चिम समुद्रापासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. त्या बाजूने आलेला मेघ सह्याद्रीला धडकतो, बरसतो, आणि ते पाणी पश्चिमेला पाठ करून १,४६५ किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. एका समुद्राचे उसने घेऊन दुसऱ्या समुद्राला फेडणारी अशी ही आपली गोदामाई.

आणि आता कोठाराजवळच्या त्या कुंडाकडे वळू. पुस्तकांतून किर्खरची भुयारे केव्हाच बुजली. आपल्या बोलण्यातून मात्र ती बुजलेली नाहीत. तळहातावर नारळ ठेवून शिवारात फिरणारा पाणाडी एका जागी थांबतो आणि येथे ‘पाताळाचे पाणी’ आहे, कधी आटणार नाही, म्हणून सांगतो. शेतकरी कर्ज काढून बोअर घेतो. १९७२च्या दुष्काळानंतर खेडोपाडी यंत्रे पोहोचली आणि भोक अधिकाधिक खोल जाऊ लागले. पण आपल्या बहुतेक महाराष्ट्राखाली आहे काळा कातळ. त्यात पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत, आणि तेथे आलेले असते ते आभाळातूनच. पाताळातून त्याची नवी आवक नाही. खोल गेल्याने जमेची बाजू वाढत नाही. खर्चाची तेवढी वाढते. पिएर पेरोची नोकरी गेली ती जुनी देणी चालू सालच्या जमेतून फेडल्यामुळे. आपण त्याहून धीट. मुलांच्या वाटणीचे, पुढच्या सालांचे पाणी आजच उपसतो.

याला उतारा आहे, आणि तो जुनाच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे अवर्षणाच्या पट्ट्यातील गाव. तेथे पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद गावासमोर मांडतात आणि पाणी किती त्यावरून यंदा काय पेरावयाचे ते ठरवितात. शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही आणि ऊस लावावयाचा नाही, हा गावाने स्वतःला घालून घेतलेला दंडक. कौटिल्याच्या सीताध्यक्षाने ते गाव पाहिले असते, तर आपलाच दरबार येथे भरला आहे असे त्याला वाटले असते.

दोन दिवसांनी पाडवा. व्यापाऱ्याच्या पेढीवर नव्या वहीची पूजा होईल, कुंकवाची बोटे उमटतील आणि जमा-खर्चाची पाने नव्याने उघडतील. गावोगावच्या विहिरीच्या नावानेही एक पान त्या दिवशी उघडावे. जमेला यंदाचा पाऊस लिहावा, नावे पडेल ते पाणी प्रामाणिकपणे मांडावे, आणि पुढच्या पाडव्याला शिल्लक काढून पाहावी. वही कोरी ठेवणाऱ्याचे दिवाळे कोणत्या दिवशी निघते, ते त्याला सगळ्यांत शेवटी कळते.