न वाजणारी घंटी

तर झालं असं. मागच्या उन्हाळ्यात इथे ओहायोमधल्या एका जुन्या बाजारात टेलिफोनची एक ओक लाकडाची पेटी दिसली. भिंतीवर टांगायची, वर दोन पितळी वाट्या, चकाचक पॉलिश. विकणारे आजोबा प्रामाणिक होते. म्हणाले, "सगळं नवं करून घेतलंय, फक्त घंटी मेलेली आहे. दुसरी बसवून घे." मला नाद जुन्या घंट्यांचाच, त्यामुळे मी उलट खूष झालो. (बायको झाली नाही. असो.)

आधी थोडा इतिहास. बेलसाहेबांनी १८७६ मध्ये टेलिफोनचं पेटंट घेतलं खरं, पण पलीकडच्या माणसाला बोलवायचं कसं, याची सोय त्यात नव्हती! सुरुवातीला लोक फोनच्या पडद्यावर टकटक करत. बेल यांचा सहकारी थॉमस वॉटसन याने जी घंटी काढली, तिचं पेटंट १८७८ चं. तारेची दोन वेटोळी, एक चुंबक, मध्ये डोलणारी लोखंडी पट्टी आणि तिच्या टोकाला छोटी हातोडी. ए.सी. प्रवाह आला की पट्टी डावीउजवीकडे झुलते आणि हातोडी दोन्ही वाट्यांवर आपटते. जुन्या फोनचं हँडल गरागरा फिरवायचं, ते हा प्रवाह तयार करायला.

बेल यांची मूळ पेटंटं १८९३-९४ मध्ये संपली आणि अमेरिकेत गावोगावी छोट्या टेलिफोन कंपन्या निघाल्या. प्रत्येक घराला वेगळी लाईन परवडेना, म्हणून एकाच लाईनवर अनेक घरं. हीच ती 'पार्टी लाईन'. कुणाचाही फोन आला की सगळ्यांकडे घंटी वाजायची. दोन लांब, एक आखूड म्हणजे अमक्याचा, वगैरे. मग बाकीचे हळूच रिसीव्हर उचलून ऐकायचे!

यावर इंजिनिअर मंडळींनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. झोका कसा, त्याच्या लयीत ढकलला तरच चढतो. तसंच प्रत्येक घरातल्या हातोडीचं वजन आणि स्प्रिंग वेगळी ठेवायची: १६⅔, ३३⅓, ५० आणि ६६⅔ हर्ट्झ. एक्स्चेंजने ज्या लयीचा प्रवाह सोडला, तेवढीच घंटी वाजणार. बाकीच्या घरांत शांतता. अर्थात, रिसीव्हर उचलला तर बोलणं ऐकू यायचंच. घंटी खाजगी झाली, बोलणं नाही.

आता पुन्हा आमच्या पेटीकडे. मीटर लावून पाहिला, दोन्ही वेटोळी ठणठणीत. इथल्या फोनला घंटीसाठी साधारण ९० व्होल्ट, २० हर्ट्झ मिळतात. तेवढे दिले. ढिम्म! मग लक्ष गेलं हातोडीकडे. नेहमीपेक्षा जड, आणि बिजागरीच्या जागी ताठ स्प्रिंग. माझी पीएचडी कंपनांवर, तरी हे दिसायला आठवडा लागला! हळूहळू हर्ट्झ वाढवत गेलो. २५, ३०... आणि ३३ ला एकदम ठणाणा! स्वयंपाकघरातून हाक आली, "कुणाचा फोन?" ३६ ला पुन्हा गप्प.

म्हणजे घंटी मेलेली नव्हतीच. दुसऱ्याच्या फोनला ती वाजत नव्हती, एवढंच.

मला आमची चाळ आठवली. नव्वदीच्या सुरुवातीला आमचा नंबर 'पी.पी.', म्हणजे खालच्या काकूंचा. आजोबा गेल्याची बातमी आमच्या आधी काकूंना कळली. त्यांनी वर येऊन ती आईला कशी सांगितली, ते अजून आठवतं. आधी पाणी मागितलं, आईला बसवलं, मग बोलल्या. एका फोनवर दहा घरं आमच्याकडेही होती, पण कुणाला हाक मारायची आणि कशी, ते काकू ठरवत.

हातोडीचं वजन थोडं कमीजास्त करून, स्प्रिंग सैल करून ही घंटी २० हर्ट्झवर आणण्याचा प्रयत्न करता येईल. पुष्कळ जण करतात. पण पॉलिशवाल्याने पेटीवरचे ओरखडे, खुणा, सगळं पुसून टाकलंय. ही पेटी पार्टी लाईनवर होती, हे सांगणारी घंटीच तेवढी उरली, तीही कुणाला दुरुस्त करता आली नाही म्हणून. मी तिला हात लावणार नाही.

कधी इकडे आलात तर ३३ वर वाजवून दाखवीन.